तिसऱ्या ओळीतलं खवलं

"अहो, मला एक शेपटी करून द्याल का?" असं बायकोने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात चहाचा घोट होता, आणि तो बाहेर उडू नये एवढी एकच काळजी त्याने आधी घेतली. गळती थांबवणं हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. नळाच्या चकत्या, पंपांची गॅस्केटं, वाफेच्या नळांच्या तोंडी बसणारी रबराची कडी. जिथून म्हणून काही बाहेर पडू बघतं तिथे याने केलेलं काहीतरी घट्ट बसलेलं असायचं. कारखान्यात सगळे त्याला वॉशरच म्हणत. कारखान्याला टाळं लागून दीड वर्ष झालं, पण नाव अंगाला तसंच राहिलं, बोटांना गंधकाचा वास राहिला तसं. तर वॉशरने घोट गिळला, कप बशीत ठेवला आणि विचारलं, कसली शेपटी? माशाची, ती म्हणाली. कंबरेपासून खाली. खरी वाटेल अशी, आणि घालून पोहता येईल अशी. मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. दम पुरवून वापरायचा कसा हे तिला धंद्यानेच शिकवलं होतं. तरणतलावावर वीस वर्षं ती पोरांना पोहायला शिकवत होती आणि अर्धं शहर तिच्या हातून पाण्यात पडलेलं होतं. दुसऱ्या एका शहरात मोठं मत्स्यालय निघालंय, तिथे दुमजली काचेची टाकी आहे, टाकीत मुली जलपरी होऊन पोहतात, त्या मुलींना शिकवायला आणि अधूनमधून स्वतः उतरायला एक जाणती बाई हवी आहे. एका वर्षासाठी. राहायची सोय तिथेच, एकट्या माणसापुरती. स्वतःची शेपटी लागते म्हणे, हे वाक्य ती कपाकडे बघून बोलली. मला एकटीला घालता-काढता आली पाहिजे, तेवढं बघा, हे मात्र त्याच्याकडे बघून. आणि तो काही म्हणायच्या आत पिशवी उचलून तलावावर गेलीसुद्धा. "अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लोक गुडघे बदलून घेतात, ही पायच काढून टाकायला निघाली," हे त्याला सुचलं तेव्हा दार लागलं होतं. विनोद चांगला होता. दाराला ऐकवावा लागला.

हे नेहमीचं होतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात वॉशर जी काही धारदार वाक्यं बोलला त्यांतली निम्मी दाराने ऐकली होती. भांडण रंगात आलं, आता फक्त शेवटचा घाव घालायचा बाकी आहे, असं झालं की ही उठायची, पिशवीत टॉवेल कोंबायची आणि निघायची. आदळआपट नाही, रडणं नाही. रडणारी बायको निदान घरात तरी असते. दोन तासांनी ओले केस घेऊन परतायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून भांडण धुतलं गेलेलं असायचं आणि याच्याकडे मात्र ते तसंच शिल्लक, शिळं. माणसाने किती दिवस आपलंच बोलणं आपण चघळावं? याची सुरुवात कुठे झाली तेही त्याला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यात दोघं शहराबाहेर धरणावर गेले होते. तिने चपला काढून त्याच्या हातात दिल्या, आत्ता आले म्हणाली, आणि सरळ पलीकडच्या काठाकडे पोहत सुटली. तिचं डोकं आधी नारळाएवढं दिसलं, मग लिंबाएवढं, मग दिसेना. तो काठावर चपला घेऊन उभा. वाटेने जाणारा एक म्हातारा थांबला, चपलांकडे बघून कुणाच्या म्हणून विचारता झाला. बायकोच्या, याने सांगितलं. आणि बायको? याने पाण्याकडे बोट केलं. म्हातारा डोक्यावरचं फडकं काढून याच्या शेजारी बसला आणि सुतक्यासारखा मान खाली घालून राहिला. अर्ध्या तासाने ठिपका परत उगवला, ठिपक्याला तोंड आलं, तोंडाला हसू आलं, आणि बाहेर येऊन ती म्हणाली, कंटाळलात की काय? म्हातारा उठला, याच्याकडे असं बघून गेला की हा आता जन्मभर विनोदाचा विषय होणार. वॉशरला पोहता येत नव्हतं, हे त्याने तिला लग्नाआधी सांगितलं होतं. पोहता न येणाऱ्याच्या हातात चपला द्यायच्या नसतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढीच गोष्ट. पण काही गोष्टी आत शिरतात आणि त्यांना बाहेर यायची वाटच राहत नाही; त्याच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर बसवणूक पक्की होती.

शेपटी करायची नाही असं त्याने ठरवलं होतं. चार दिवस ठरवून पाचव्या दिवशी तो कागदावर रेघोट्या मारत होता, कारण रिकाम्या हातांना स्वाभिमान नसतो. मापं घेण्यासाठी त्याने तिला जुनी घट्ट विजार घालून स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभं केलं, दोन्ही पाय जुळवले आणि कंबरेपासून घोट्यांपर्यंत रुंद चिकटपट्टी गुंडाळायला घेतली. या पट्टीचा कडक साचा झाला की मागून कापून काढायचा, आत चिंध्या भरायच्या, म्हणजे तिच्या खालच्या अर्ध्या अंगाचा पुतळा तयार. पट्टी गुंडाळता गुंडाळता तो मोठ्याने मापं वाचत होता. इथे दोन इंच वाढलीस. इथे तर तीन. ती म्हणाली, पाण्यात वजन लागत नाही. गुडघ्यांखाली पट्टी गेली, घोटे बांधले गेले, आणि वॉशर शेवटचा वेढा देऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही आता कुठेही जाऊ शकत नाही. ओट्याला धरून उभी आहे, बाटलीसारखी. दार चार पावलांवर आहे आणि तिच्याकडे एकही पाऊल नाही. त्याच्या छातीत काहीतरी गोड हललं. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि अगदी सावकाश, जणू पट्टीचं काहीतरी सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "आई गेली तेव्हा तू तलावावर होतीस."

नऊ वर्षं हे वाक्य त्याने जपून ठेवलं होतं. प्रत्येक भांडणात काढायचा आणि प्रत्येक वेळी 'आई' म्हणेपर्यंत ती जिन्यात असायची. आता वाक्य पुरं झालं, पूर्णविरामासकट, आणि समोरचा माणूस जागेवर होता. असं बोलण्यात काय सुख असतं हे ज्याचं ऐकून घेतलं जातं त्याला कळायचं नाही. तो बोलत राहिला. शेवटी शेवटी आई तुझंच नाव घेत होती, तिला पाणी पाजायला मी होतो, तू दुसऱ्यांच्या पोरांना तरंगायला शिकवत होतीस. बायको म्हणाली की त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, जा, आज बरी आहे आई. ते खरंच होतं. त्याला ते माहीत होतं. म्हणून तर नऊ वर्षांत तिला जिन्यात गाठून सांगायचं धाडस झालं नव्हतं. तिच्या गालावरून एक थेंब उतरला, हनुवटीवर थांबला आणि पोटावरच्या पट्टीवर पडला. "कापा आता," ती म्हणाली, "पट्टी ओली झाली तर माप बिघडेल." त्याने कापलं. पाय मोकळे होताच ती पिशवी घेऊन गेली, पण त्या दिवशी दार लागलं तेव्हा वॉशरकडे बोलायचं काहीच उरलं नव्हतं, आणि घर त्याला प्रथमच मोठं वाटलं नाही.

त्यानंतर त्याने कामात जीव ओतला. खोटं का बोला, असं काम त्याच्या हातून कारखान्यातही झालं नव्हतं. कातडं सिलिकॉनचं करायचं होतं, आणि सिलिकॉन म्हणजे रबराचाच चुलतभाऊ असं तो धरून चालला. पण भाऊबंदकी किती जुनी आहे ते पहिल्याच घाण्याला कळलं. दोन डब्यांतली द्रावणं मोजून एकत्र केली, मातीत कोरलेल्या खवल्यांवर ओतली, दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळं शेंबडासारखं चिकट. पुन्हा केलं, पुन्हा शेंबूड. आठवडाभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला की सिलिकॉनला गंधकाचं वावडं आहे. मातीत गंधक, जुन्या रबरी हातमोज्यांत गंधक. तीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं तो गंधकच घरात नको म्हणून सिलिकॉन अडून बसलं होतं, माहेरी निघालेल्या सुनेसारखं. वॉशरने माती बदलली, हातमोजे फेकले, हात इतक्या वेळा धुतले की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या, आणि मग साच्यातून पहिला तुकडा निघाला तो असा की त्याने तो गालाला लावून बघितला. रंगासाठी तो रोज मासळीबाजारात जायचा. माशाची पाठ काळपट का असते, पोट पांढरं का, कडेला तो हिरवा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे वाकून वाकून बघायचा. मासेवाली चौथ्या दिवशी वैतागून म्हणाली की रोज येता, न्याहाळता, घेत काहीच नाही, स्थळं बघायला येता का? तो हसला. रंग थरावर थर चढवले, प्रत्येक खवल्याची कड नखाने उचलली, खाली टोकाच्या पंख्यासाठी जाड लवचिक प्लास्टिकचा पत्रा कापून त्यात पावलांचे खिसे बसवले. अखेर शेपटी पुतळ्यावर चढवून खिडकीशी उभी केली तेव्हा शेजारच्यांच्या मांजरीने दोन दिवस दारात धरणं धरलं. वास नाही, हालचाल नाही, तरी तिला म्हणे खात्री होती. मांजरीसारखं परखड प्रशस्तिपत्र कुठलं मिळणार!

आणि आत, जिथे कुणाला दिसायचं नाही तिथे, वॉशरने आपला खरा हुन्नर ठेवला. कंबरेला एक आणि गुडघ्यांच्या वर एक, असे दोन ओठ बसवले. ओठ म्हणजे आतल्या बाजूला वळलेली पातळ कड. मोठमोठ्या पंपांत असते. दाब जितका वाढेल तितकी ती घट्ट मिटते. पाय आत गेले, दोन्ही ओठ मिटले, की मधली हवा शोषली जायची आणि शेपटी अंगावर कातडीसारखी चिकटायची. काढायला जाल, खाली ढकलाल, ओढाल, तर ओठ आणखी मिटणार. जितकी धडपड जास्त तितकी पकड जास्त. सुटायचा मार्ग एकच होता. टाचांच्या मागे, डाव्या अंगाला, खालून तिसऱ्या ओळीत एका खवल्याखाली बोराएवढी झडप होती. ते खवलं अंगठ्याने दाबून जरा वर सरकवलं की एका बारीक नळीतून दोन ओठांच्या मध्ये हवा, नाहीतर पाणी, शिरायचं, ओठ सैल व्हायचे आणि शेपटी केळीच्या सालीसारखी निघायची. शेपटीवर सगळी मिळून अकराशे खवली होती. कुठलं दाबायचं ते एकाच माणसाला माहीत. एकदा त्याने स्वतःशी मांडणीही केली: ही तिथे गेली की मला जावंच लागणार. एकट्या माणसापुरत्या सोयीत दुसरा माणूस सामावून घ्यावा लागतो, मापात पाव इंच इकडेतिकडे होतंच. बुडण्याचा विचार त्याच्या मनात आला नव्हता असं नाही. आला, आणि ती बुडणारी बाई नाही म्हणून त्याने तो बाजूला ठेवला, जसं आपण न लागणारा स्क्रू डबीत टाकतो.

चेन कुठेय, तिने विचारलं. शेपटी तिच्यासमोर पलंगावर पसरली होती आणि ती तिच्यावरून उलटसुलट हात फिरवत होती. तो म्हणाला, चेन म्हणजे जोड, आणि जोड म्हणजे गळती. मी जन्मात जोडाचं काम केलेलं नाही. मग एकटीने काढायची कशी? बायकोशी खोटं बोलणं त्याला नवीन नव्हतं, कुणाला असतं? पगार, तब्येत, दुकानातून काय आणलं, कुणाला भेटलो, यांबद्दल माणूस बोलतोच. पण धंद्याच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. शेजाऱ्याच्या नळाची चकती दोन महिन्यांत जाईल म्हणून त्याने सांगितलं की दोन महिन्यांनी चकती जायची. तेवढा एक कोपरा त्याच्यात स्वच्छ होता, आणि हे तिलाही ठाऊक होतं. तो म्हणाला, पाण्यात वीसेक मिनिटं राहिली की ही रबराची जात थोडी फुगते, सैल पडते. मग कंबरेतून खाली ढकललीस की आपोआप निघेल. कोरडी असेल तर साबणाचं पाणी लागेल, ते मी लावीन. तिने मान हलवली. तो अजून तिच्याकडे बघतोय असं दिसल्यावर म्हणाली, "अहो, रबराच्या बाबतीत तुम्ही सांगाल तेच खरं. मला काय कळतंय त्यातलं." हे वाक्य तिने प्रेमाने म्हटलं होतं. त्याला ते कुठेतरी लागलं, दात किडल्यावर गार पाणी लागतं तसं, आणि तो जीभ दुसरीकडे नेऊन मोकळा झाला.

मग संध्याकाळी घरात तालमी सुरू झाल्या. अंगाला बसली पाहिजे, कातडं मुरलं पाहिजे, अशी कारणं काढून तो तिला रोज तासभर शेपटी घालायला लावायचा. ती कोचावर आडवी, खाली तो लखलखता हिरवा भार, आणि समोर खुर्चीवर हा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवून विचारलं, रोज वर कुटता काय तुम्ही, कारण बायको कंटाळली की पंखा फरशीवर आपटायची. तेवढंच तिला आपटता येत होतं. वॉशर बोलायचा. धरणापासून सुरुवात करून त्याने एकेक वर्ष हातात घेतलं. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला तू उशिरा आलीस आणि केसांतून पाणी गळत होतं, सगळे बघत होते. माझा कारखाना बंद झाला त्या दिवशी तू काय म्हणालीस आठवतं का, म्हणालीस आता तरी पोहायला शिका. तो आवाज चढवत नसे. ज्याला घाई नाही त्याला आवाज लागत नाही. आधी आधी ती उत्तरं द्यायची, मग तिने डोळे मिटून घ्यायला सुरुवात केली, पण कान कुणाला मिटता येतात? फोनवर मुलगी विचारायची की आई कशी आहे, तर तो म्हणायचा मजेत आहे, लोळतेय. तास संपला की तो तिला पालथं झोपवायचा, कंबरेशी साबणाचं पाणी सोडायचा, नुसतं दाखवायला; मग पायाशी जाऊन बसायचा आणि अंगठ्याने तिसरी ओळ शोधायचा. एक बारीक उसासा निघायचा. कधी कधी त्याला कळायचं नाही की तो झडपेचा आहे की तिचा. एकदा तिने उशीत तोंड ठेवूनच विचारलं, तुम्हाला हे करताना बरं वाटतंय ना? त्याच्या अंगठ्याखाली खवलं निसटलं. कशाबद्दल म्हणतेयस, त्याने विचारलं. काम हो, ती म्हणाली, हाताला काम आलं म्हणून म्हटलं. पुष्कळ दिवसांनी तुम्ही शिट्टी वाजवताना ऐकलं मी.

तलावावर पहिल्यांदा शेपटी पाण्यात उतरली तेव्हा वॉशर पायरीवर उभा होता आणि जे दिसलं त्याला तयार नव्हता. घरात कोचावर पडून असलेला तो भार पाण्यात शिरताच तिचा झाला. कंबरेतून एक लाट निघाली, मांड्यांतून गेली, पंख्यात संपली, आणि बाई तलावाच्या दुसऱ्या टोकाला. दुसरी लाट, परत. खवल्यांवरून उजेड असा घसरत होता की मासेवालीनेही हात थांबवून बघितलं असतं. हे माझं, त्याला वाटलं. आणि लगेच, ती बघतही नाहीये माझ्याकडे. वीस मिनिटं ती त्याला विसरली होती. पण मग दमून पायरीशी आली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, अजून सैल नाही झाली, काढा बाई. त्याने तिला काखांत धरून वर ओढून घेतलं, पालथं केलं, आपल्या पाठीआड, तिला दिसणार नाही असा अंगठा लावला. पाणी अजून कोमट नाही म्हणून फुगली नसेल, त्याने सांगितलं, टाकीतलं पाणी कोमट असतं. तिला पटलं. घरी येताना तिने त्याचा हात धरला होता. चालताना हात धरायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तो त्याला कुठे ठेवावा कळेना.

मत्स्यालयाचा माणूस तिची परीक्षा घ्यायला ठरल्या दिवशी सकाळी दहाला तलावावर आला. तरणाताठा, गळ्यात शिट्टी आणि घड्याळ, बोलायला मऊ. वॉशरला नमस्कार करून त्याने शेपटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, काका, मानलं तुम्हाला, आमच्याकडे डझनभर आहेत पण हिची सर नाही. डझनभर कसल्या, वॉशरने विचारलं. शेपट्या हो, तो म्हणाला, टाकीच्या मागे खुंट्यांवर टांगलेल्याच असतात, मापामापाच्या. शेपटीची काही अट नव्हती, मी मॅडमना बोललोही होतो. पण त्या म्हणाल्या, मिस्टरांच्या हातची असेल तरच उतरेन. एवढं बोलून तो घड्याळाकडे वळला. वॉशर तिथेच राहिला. स्वतःची शेपटी लागते म्हणे. कपाकडे बघून. एव्हाना ती शेपटी चढवून पायरीवर बसली होती, पाण्यात पंखा सारखा करत होती आणि त्याला तिची फक्त पाठ दिसत होती. चार महिने जे त्याने तिच्यासाठी केलं असं त्याला वाटत होतं ते तिने त्याच्यासाठी करून घेतलं होतं. लहान मुलाला कणकेचा गोळा देऊन ओट्यापासून लांब बसवतात तसं. त्याला राग आला. खरं म्हणजे दुसरं काहीतरी यायला हवं होतं, पण ते यायच्या आधी राग आला आणि त्याने जागा अडवली.

परीक्षा छान चालली. दम धरला, गिरक्या घेतल्या, तळाशी बसून काचेमागच्या पोरांना हात दाखवावा तसा हात दाखवला. मग मत्स्यालयाच्या त्या टाकीवाल्याने तिला छातीभर पाण्यात बोलावलं आणि सांगितलं, आता शेवटचं, डोकं पाण्याखाली घेऊन एकटीने काढून दाखवा, तीस सेकंद. आमच्याकडे हा एकच नियम लोखंडी आहे, आत एखादीच्या पायात गोळा आला तर बाहेरून कुणी पोचेपर्यंत फार उशीर होतो. ती म्हणाली, काढते की. वीस मिनिटं तर कधीच होऊन गेली होती, आणि आज उन्हाने पाणीही कोमट झालं होतं. तिने वॉशरकडे बघून मान हलवली, तुमचं गणित बघू या आता, अशी, आणि खाली गेली. पहिले पाच सेकंद ती निवांत होती. दोन्ही अंगठे कंबरेत घालून तिने ढकललं. ओठ मिटले. वॉशरला ते दिसलं नाही, जाणवलं, आपण शिवलेली चप्पल दुसऱ्याच्या पायात चावतेय हे चांभाराला जाणवावं तसं. दहा. तिने जोर लावला. आत हवा शोषली जात असणार, गुडघ्यावरचा ओठ मांडीत रुतत असणार. काय सुंदर धरतोय, त्याच्या मनात आलं, आणि असं आल्याबद्दल त्याला लाज वाटायला हवी होती. पंधरा. पाय दुमडले तर तिचाही हात टाचांपर्यंत पोचेल, डावी बाजू, तिसरी ओळ. ती वर आल्यावर दोन शब्द सांगितले तरी पुन्हा जाऊन सुटेल. दोन शब्द. पण मग ते दोन शब्द तो इतके दिवस का बोलला नाही? वीस. ती पाण्यातून त्याच्याकडे बघत होती. चेहरा लाटेने फाकत होता, जुळत होता. डोळे मात्र जागच्या जागी. त्यांत भीती नव्हती, प्रश्न होता, शिकाऊ पोरगी बाईंकडे बघते तसा: माझं काही चुकतंय का? तो गप्प राहिला. कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की दहा सेकंद म्हणजे काही फार नव्हेत. ते त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत लांब दहा सेकंद होते आणि तो ते पुरते जगला. शिट्टी वाजली.

दोघांनी मिळून तिला काठावर घेतलं. ती धापा टाकत होती, मांड्यांवर हात दाबून धरला होता. टाकीवाल्याने आधी पाणी दिलं, मग म्हणाला की मॅडम, काळजी करू नका, पोहण्यात तुम्ही आमच्या सगळ्या मुलींना भारी आहात, शेपटी आमचीच वापरू, तिला चेन असते. आणि मग वॉशरकडे वळून, समजूत घालावी तशा आवाजात: घरगुती काम म्हटलं की एवढं इकडेतिकडे व्हायचंच, काका. त्याने औषधांच्या पेटीतून कात्री आणली. आत्ता कापूनच काढावी लागेल, पाय काळेनिळे पडतील नाही तर. बायको वॉशरकडे बघत होती. तिच्या नजरेत दोष नव्हता, ते एक वेळ त्याला परवडलं असतं. तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, ओल्या हाताने, आणि टाकीवाल्याला म्हणाली, "नका हो काही बोलू त्यांना. फार मनापासून केलीय. हाताचा अंदाज चुकतो आता, वय झालं. कापा तुम्ही."

वॉशर सुटला होता. हे लक्षात घ्या, पुरता सुटला होता. गप्प राहिला असता तर दोन मिनिटांत शेपटीच्या चिंध्या झाल्या असत्या, झडप कुणाच्या दृष्टीला पडली नसती, आणि बायकोने जन्मभर त्याला दुबळ्या हातांचा भला माणूस म्हणून सांभाळलं असतं. कात्रीचं पातं कंबरेच्या कडेखाली शिरलं. सिलिकॉन दबलं, दबून पांढरं पडलं. हाताचा अंदाज चुकतो आता. घरगुती काम. तीस वर्षांत ज्याच्या हातचं एक कडं परत आलं नाही, एक थेंब कुठे गळला नाही, तो माणूस ओल्या फरशीवर उकिडवा बसून ऐकत होता की वय झालं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "चुकलेली नाही. थांबा, हात लावू नका." त्याने टाकीवाल्याची कात्री बाजूला सारली. बायकोच्या पायांशी गेला. या वेळी तिला पालथं केलं नाही, कारण काम उजेडात दाखवायचं होतं. टाचा उचलून धरल्या, डावी बाजू, खालून तिसरी ओळ, अंगठा ठेवला, दाबला, वर सरकवला. उसासा निघाला, आणि ती अकराशे खवल्यांची वस्तू तिच्या अंगावरून अशी सरसर उतरली की टाकीवाल्याच्या तोंडून वा निघालं. काय आहे हे काका, तो गुडघ्यांवर बसत म्हणाला. वॉशरने शेपटी उलटी करून दाखवली. हा एक ओठ, हा दुसरा. दाब आला की मिटतो. आणि ही झडप, हिच्यावाचून देव आला तरी निघायची नाही. बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला होता. मी करून ठेवलंच होतं तसं, तो म्हणाला. मग त्याने वर पाहिलं.

ती पाय पसरून बसली होती. मांड्यांवर दोन लाल कडी उमटली होती, तो ज्या मापाने करायचा त्या मापाची. तिने सगळं ऐकलं होतं. मधूनच उठून गेली नव्हती.

"म्हणजे साबणाचं पाणी," ती म्हणाली.

"ते उगाच होतं."

"आणि फुगते म्हणालात ते?"

"नाही फुगत."

"आत्ता मी खाली होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

टाकीवाला पुटपुटत पेटी आवरायला लागला. वॉशर घाईघाईने म्हणाला की झडप काढून टाकतो, आज दुपारात होईल, दोन्ही ओठ कापतो आणि चेन बसवतो, चेनीची बसवणूक मला काही अशक्य नाही, तू मात्र गैरसमज करून घेऊ नकोस, मला फक्त एवढंच हवं होतं की. वाक्याचं पुढचं टोक त्याला सापडेना. ती वाट बघत होती. खरोखरच वाट बघत होती, मान थोडी वाकडी करून, वेळ देत; आणि इतका वेळ मिळाल्यावर त्याच्या लक्षात आलं की पुढे काहीच नाही.

मग ती कुणाचा हात न धरता उठली, मांड्या चोळल्या, आणि टाकीवाल्याला विचारलं कधीपासून यायचं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, तो म्हणाला, तुमची आवराआवर व्हायला हवी, घरचं बघायला हवं.

"घरचं बघून झालंय," ती म्हणाली. "उद्या चालेल का?"